थांबण्याचा धर्म

ट्रकवर शिकायला आलेल्या पोराला पहिले काही महिने स्टिअरिंग मिळत नाही. मिळतात ती ताडपत्री, दोर, टॉमी, जॅक आणि पाण्याचा कॅन. टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायची, गाडी मागे घेताना हात हलवत ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणायचं आणि नेमक्या क्षणी पत्र्यावर थाप मारून ‘बस्स’ करायचं, हे त्याचं शिक्षण. रस्त्यावर त्याला क्लीनर म्हणतात, खेड्यापाड्यांत किन्नर. ज्याच्या हाताखाली तो शिकतो तो उस्ताद. कायद्याने मालवाहू गाडीच्या परवान्यासाठी वय 20 पूर्ण लागतं आणि त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर हातात असावा लागतो. प्रत्यक्षात एखाद्या रात्री रिकामा रस्ता बघून उस्तादच म्हणतो, ‘बस इकडे, धर.’ आणि पोराच्या ध्यानात येतं की गाडी पळवणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ती थांबवणं.

2018 मध्ये बदललेल्या नियमांप्रमाणे दहा चाकी ट्रकचं मालासकट वजन 28.5 टनांपर्यंत जाऊ शकतं. वेग 40 चा 80 झाला की त्या वजनातला जोर चौपट होतो आणि तो सगळा ब्रेकला पचवावा लागतो. ब्रेक हवेवर चालणारे. पेडल दाबल्यावर हवा नळ्यांतून मागच्या चाकांपर्यंत पोचायला किंचित वेळ लागतो, आणि तेवढ्यात गाडी काही मीटर पुढे गेलेली असते. पार्किंग ब्रेकची रचना तर विचारात पाडणारी आहे. तिथे एक जाड स्प्रिंग चाक आवळून धरते आणि हवेचा दाब त्या स्प्रिंगला मागे रेटतो तेव्हाच चाक सुटतं. पहाटे इंजिन सुरू केलं तरी टाक्यांत हवा भरेपर्यंत गाडी जागची हलत नाही. हवा गळून गेली तर स्प्रिंग चाकं आपोआप जखडते. म्हणजे या यंत्राच्या दृष्टीने उभं असणं हीच मूळ स्थिती. धावायचं तर आधी दाब तयार करावा लागतो.

यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या वाट्याला याच्या नेमकं उलटं आयुष्य येतं. त्याने धावत असणंच धरून चाललेलं असतं आणि थांबायचं झालं तर कारण द्यावं लागतं. इथे एक जुना प्रश्न नव्याने समोर येतो. आपल्याकडच्या कितीतरी पंथांनी घर सोडून वाट धरणं पवित्र मानलं. हा पोरगाही घर सोडून वाटेला लागला आहे. त्याच्या फिरण्यात धर्म कुठे असतो?

हिंदी सिनेमाने आणि ट्रकच्या मागच्या फळ्यांवरच्या शेरोशायरीने याचं उत्तर कधीच देऊन टाकलं आहे: ड्रायव्हर म्हणजे फकीर, आज इथे उद्या तिथे, कशात गुंतलेला नाही. उत्तर गोड आहे आणि खोटं आहे. घराचा हप्ता, बहिणीचं लग्न, बापाचं औषधपाणी हे सगळं केबिनमध्ये त्याच्याबरोबर बसलेलं असतं. संन्याशाने घर सोडलं ते घराचं ओझं उतरवण्यासाठी. याने सोडलं ते पेलण्यासाठी. सेव्हलाइफ फाउंडेशनने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 84 टक्के चालकांनी आपल्या नात्यातल्या कुणाला या धंद्यात यायचा सल्ला देणार नाही, असं सांगितलं होतं. फकिराला आपल्या वाटेबद्दल असं वाटत नसतं.

तरीही फिरस्त्या पंथांकडे बघितल्याशिवाय या प्रश्नाची उकल होत नाही, कारण त्यांनी फिरण्याइतकाच, किंबहुना जास्त, विचार थांबण्याचा केला. बौद्ध भिक्खूंनी पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहायचं, तो वर्षावास. विनयपिटकात त्याचं कारण दिलं आहे: भिक्खू पावसातही हिंडतात, कोवळं गवत तुडवतात, बारीक जीव मारतात, अशी लोकांची तक्रार होती, आणि बुद्धांनी ती मान्य केली. अगदी निकडीचं काम निघालं तर सात दिवसांपुरतं बाहेर जायची मुभा होती. जैन साधू-साध्वी आजही अनवाणी विहार करतात, पण आषाढापासून कार्तिकापर्यंतच्या चातुर्मासात मुक्काम हलवत नाहीत. महानुभाव पंथाने अटन, म्हणजे फिरत राहणं, हा संन्याशाचा आचार मानला, आणि त्यालाही नियमांची चौकट घातली. फिरणारा कितीही सज्जन असो, त्याच्या पायाखाली कुणीतरी येतं. म्हणून ठरावीक वेळी त्याने थांबायचं, हा या सगळ्यांचा समान धागा. अहिंसेचा विचार इथे मनाच्या शुद्धीपाशी अडून राहिला नाही, तो वेळापत्रकात उतरला.

वारीचं वेळापत्रकही तसंच. आळंदी ते पंढरपूर हे अंतर भरलेला ट्रक एका रात्रीत कापतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला त्याच अंतरासाठी अडीच आठवड्यांहून अधिक लागतात. पुण्यात दोन रात्री, दिवेघाट चढून गेल्यावर सासवडला दोन रात्री, वाटेत विसावे, रिंगणं. पालखी कुठे आणि केव्हा थांबणार हे ठरलेलं असतं, आणि त्या थांबण्याभोवती गावंच्या गावं भाकऱ्या भाजतात. शीख परंपरेत गुरू नानकांच्या दीर्घ प्रवासांना उदासी म्हणतात. पण त्या प्रवासांनंतर ते रावीकाठच्या कर्तारपूरला स्थिर झाले आणि शेती करू लागले. आज नांदेडच्या किंवा मनमाडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलेल्या ट्रकवाल्याला कुणी जात, गाव, भाडं विचारत नाही. जेवण तर मिळतंच, शिवाय तासभर गाडीचा विचार न करण्याची परवानगी मिळते.

रस्त्यावर पहिल्यांदा आलेल्या पोराचा धर्म आधी अशा लहानसहान ठिकाणीच अडखळतो. घरी आंघोळ झाल्याशिवाय चहा नसायचा. इथे आंघोळ पेट्रोल पंपाच्या नळावर, मिळेल तेव्हा. एकादशीला ढाब्यावर साबुदाणा मिळत नाही. गावी चुलता गेला, सुतक लागलं, तर ते आंध्रात सिमेंट उतरवताना पाळायचं कसं? दहाव्याला पोचता आलं नाही तर? उस्ताद मुसलमान असेल तर त्याच्याकडे याची तयार व्यवस्था असते. इस्लाममध्ये प्रवाशाला चार रकातींच्या नमाजाच्या दोन करायची सवलत आहे, आणि रमजानात प्रवासात असलेल्याने सुटलेले रोजे नंतर पूर्ण करायचे, असं कुराणातच आहे. हिंदू घरातल्या पोराला अशी लेखी सवलत सापडत नाही. तो ती आपली आपण काढतो. डॅशबोर्डवर गणपती किंवा खंडोबा, सकाळी एक अगरबत्ती, खंडेनवमीला टायरला हळदकुंकू, आणि बाकीचं गावी गेल्यावर. पंथांमधलं हे अंतर केबिनमध्ये फार टिकत नाही, कारण झोपायची फळी एकच असते आणि आळीपाळीने वापरायची असते.

खरी ओढाताण पुढे आहे. शरीर रात्री झोप मागतं आणि भाडं रात्रीच पळायला लावतं. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, पाच तास चालवल्यावर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. कामगार संहितांमध्ये तो आता सामावून घेतला गेला आहे. पण मूळ कायदाच पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठी होता, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक घरोघर. सरकारी कागद इथे फार घाई करतो असंही नाही: ई-वे बिलाला साध्या मालासाठी दर 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. घाई ठरते ती व्यापारी, ट्रान्सपोर्टवाला आणि मालक यांच्या फोनवर. शिवाय कारखान्याच्या गेटवर माल भरायला किंवा उतरवायला गाडी दिवस दिवस रांगेत अडकते. तो वेळ विश्रांतीत मोजला जातो, पण त्यात झोपता येत नाही. रांग चार हात सरकली की गाडी सरकवावी लागते. तिथे गेलेला वेळ मग रात्री रस्त्यावर भरून काढायचा. सेव्हलाइफच्या त्याच पाहणीत जवळपास निम्म्या चालकांनी थकवा असताना, डोळे मिटत असतानाही गाडी चालवत असल्याचं कबूल केलं होतं.

मग ती चालवताना आधार कशाचा? घाटाघाटांत त्याचं उत्तर मिळतं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितलं म्हणून मारला गेला, अशी आख्यायिका. येणारी-जाणारी वाहनं त्याच्यापुढे नाणं टाकतात. कसाऱ्याच्या घाटावर इगतपुरीला घाटनदेवी. राजस्थानात पाली-जोधपूर रस्त्यावर अपघातात गेलेल्या तरुणाची बुलेट मोटारसायकलच पूजेला लागली आहे. तिथे माथा टेकल्याशिवाय पुढे जाऊ नये असं ट्रकवाले मानतात. या देवांची गंमत अशी की ते बहुतेक रस्त्यावरच्या मरणातून किंवा मरणाच्या भीतीतून आले. ते स्वर्ग देत नाहीत, घाट उतरवून देतात.

याला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण भीती खोटी नाही. 2022 या एका वर्षात देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. रोज त्या आकड्याच्या शेजारून जाणाऱ्या माणसाने लिंबू-मिरची बांधली तर त्याला हसण्याचा अधिकार फारच थोड्यांना आहे. प्रश्न निर्माण होतो तो देवाला ब्रेकच्या जागी बसवल्यावर. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 प्रवासी गेले. त्यानंतर काही लोकांनी त्याच ठिकाणी जप करून यंत्र पुरलं आणि इथे आता अपघात होणार नाहीत असा दावा केला. पोलिसांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. याउलट उदाहरण पुण्यातल्या नवले पुलाचं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून त्या पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एका टँकरने वीसहून अधिक गाड्या उडवल्या. पहिली बातमी नेहमीची, ‘ब्रेक फेल’. तपासणीत पुढे आलं ते वेगळं: डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर उतारावर सोडली होती.

अशा वेळी गीतेच्या अठराव्या अध्यायातली एक मांडणी फार कामाची आहे. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं तिथे म्हटलं आहे: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवं दैव. उतारावर लावून बघावं. अधिष्ठान म्हणजे तो रस्ता आणि थकलेलं शरीर, कर्ता म्हणजे चालक, साधनं म्हणजे ब्रेक आणि टायर, हालचाल म्हणजे न्यूट्रलला गेलेला हात. दैव आहेच, ते कुणी नाकारलेलं नाही. पण ते पाचांतलं एक आहे आणि क्रमाने शेवटचं आहे. ‘नशिबात होतं’ म्हणणारा उरलेल्या चारांना सोडून देतो. ‘ड्रायव्हर बेजबाबदार’ म्हणणारी बातमीसुद्धा तेच करते. ती कर्ता तेवढा उचलते आणि उताराची रचना, गाडीची देखभाल, वाचवलेल्या डिझेलचे पैसे कुणाच्या खिशात जातात हे सगळं सोडून देते. जुने उस्ताद घाट ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर असं पोराला बजावतात. घाटमाथ्यावर गाडी उभी करून नारळ फोडायचा आणि त्याच थांब्यात चाकांना हात लावून ब्रेक तापलेत का बघायचे, अशीही रीत होती. त्या थांब्यात पाचही कारणांचा समाचार घेतला जायचा. नाणं धावत्या गाडीतून भिरकावलं की त्यातलं एकच उरतं.

गीतेबद्दल आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अर्जुन सारथ्याला सांगतो, रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध नेऊन उभा कर. पुढचा सगळा संवाद उभ्या असलेल्या रथात झाला आहे. धावत्या रथात काय करावं हे ठरवता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्या रचनेतच आहे.

थांबण्याची सर्वांत कठीण परीक्षा मात्र वेगळीच, आणि शिकाऊ पोर उस्तादाला ती पहिल्याच महिन्यात विचारतं. गाडीखाली कुणी आलं तर थांबायचं का?

कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यायचे. त्याच कलमात एक अपवादही लिहून ठेवला आहे: जमावाच्या संतापामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणाने ते शक्य नसेल तर. लोक ड्रायव्हरला मारतात, हे संसदेने कायद्यातच मान्य केलं आहे. पुढे भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 च्या दुसऱ्या पोटकलमात, अपघात करून पोलिसांना न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली. जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या; मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोतले टँकर थांबले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारने चर्चेचं आश्वासन दिलं, आणि 1 जुलै 2024 ला संहिता अमलात आली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. चालकांचं म्हणणं एकच होतं: थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा. बरेच उस्ताद पोरांना मधला मार्ग शिकवतात. जागेवर उतरू नको, सरळ जवळचं पोलीस ठाणं गाठ.

या पेचाशी जुळणारी सर्वांत जुनी कथा अंगुलिमालाची. मज्झिम निकायातल्या सुत्तात श्रावस्तीजवळचा हा लुटारू बुद्धांच्या मागे जिवाच्या आकांताने धावतो. बुद्ध नेहमीच्या चालीने चालत असतात, तरी तो त्यांना गाठू शकत नाही. तो ओरडतो, थांब. बुद्ध चालता चालताच सांगतात की आपण केव्हाचे थांबलो आहोत, थांबायचं राहिलं आहे ते तुझं. जिवांना इजा करणं सोडलं म्हणजे थांबणं, असा त्याचा खुलासा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ही कथा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये घेतली आहे. प्रवचनांत ती बहुधा इथेच संपते: डाकू बदलला, भिक्खू झाला. सुत्त तिथे संपत नाही. अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा ढेकळं, काठ्या, खडे त्याच्यावर येऊन पडतात. डोकं फुटतं, भिक्षापात्र फुटतं, चीवर फाटतं. रक्ताने माखलेल्या अंगुलिमालाला बुद्ध सांगतात की हे सोसायला हवं. हे कर्माचं फळ आहे.

अर्हत झालेल्या भिक्खूला असं सांगता येतं. महिन्याच्या पगारावर दुसऱ्याची गाडी हाकणाऱ्या, जाणूनबुजून कुणाचा जीव न घेतलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगायचं? इथे जमावाचाही धर्म विचारावा लागतो. रस्त्यावर पडलेला माणूस आणि थांबलेला चालक, दोघांचाही जीव त्या क्षणी बघ्यांच्या हातात असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या, 2019 मध्ये कलम 134-अ आलं, केंद्राने मदतनिसाला बक्षीसही जाहीर केलं. हे सगळं जखमीला उचलणाऱ्यासाठी आहे. थांबलेल्या चालकाभोवती कडं करून उभं राहणाऱ्या माणसाची कल्पना आपल्या कायद्यात किंवा कीर्तनात अजून आलेली नाही. ते कडं नसेल तर थांबणं हे धर्मपालन न राहता जिवावरचा जुगार होतो, आणि जुगार खेळला नाही म्हणून कुणाला अधर्मी ठरवणं अवघड आहे.

वर्षावास चालला, कारण तीन महिने भिक्खूंना अन्न देणारी गावं होती. वारीचा मुक्काम चालतो तो भाकऱ्या भाजणाऱ्या हातांवर. थांबणाऱ्याचं थांबणं नेहमीच दुसऱ्या कुणीतरी उचलून धरलेलं असतं. ट्रकवाल्याच्या बाबतीत हे जाणवायला सुरुवात होते आहे, पण तुकड्यातुकड्यांनी. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या मध्यम आणि अवजड मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, म्हणजे निदान नव्या गाडीत दुपारी झोप लागू शकेल. दुसरीकडे खर्च वाचवायला क्लीनर कमी होत चालला आहे. पूर्वी मालकाचा फोन आला की पोरगा म्हणायचा, ‘शेठ, उस्ताद झोपलेत, पहाटे निघतो.’ आता लांबच्या रस्त्यावर चालक एकटा असतो, फोन त्यालाच उचलावा लागतो. आज शिकणाऱ्या पोराच्या हातात परवाना येईल तेव्हा तो बहुधा असाच एकटा निघेल. बिल्टीवर मालाचं वजन असतं, भाडं असतं, कुठून कुठे ते असतं. चालकाने झोपेत घालवलेल्या सहा तासांचा खर्च माल पाठवणारा सोसणार, घेणारा सोसणार की गाडीमालक, यासाठी त्यावर रकाना नाही.